वाचलेला आकडा आणि काढलेला आकडा: बिअरच्या एक्सेल शीटवरून संशोधनाची नोंद कशी ठेवावी

मागच्या वर्षी प्रोग्रेस सेमिनारच्या आदल्या आठवड्यात गाईड मॅडमनी माझी एक्सेल शीट उघडली, एका खान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा ४.३ तू मीटरवर वाचलास, की नंतर काढलास?"

मला उत्तर देता आलं नाही.

माझं काम आंबवलेल्या नाचणीवर आहे. पीठ आंबत जातं तसा त्याचा पीएच उतरतो आणि तो मी दर चार तासांनी मोजत होते. आमचा मीटर बफरमध्ये तपासला की कधीकधी ०.१ किंवा ०.२ जास्त दाखवायचा. मग मी तेवढं वजा करून आकडा टाकायचे. पण रोज नाही! काही दिवशी वजा केलं, काही दिवशी "रात्री करू" म्हणून तसाच टाकला आणि विसरले. तीन आठवड्यांनी एकाच कॉलममध्ये दोन प्रकारचे आकडे बसले होते आणि कुठला कोणता हे ओळखायची काही खूण नव्हती. २१ दिवसांपैकी १४ दिवसांचे मूळ आकडे कागदी वहीत सापडले. उरलेले ७ दिवस मला टाकून द्यावे लागले.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असतील किंवा कोर्सवर्कला असतील. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून आजचा लेख. आणि उदाहरण घेतलंय बिअरचं, कारण नोंद ठेवायची नीट पद्धत मला एका बिअरच्या शीटमधून समजली.

आधी कायद्याचं बोलू

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये हौसेने बिअर करतो. तिथे १९७८ च्या एका कायद्याने स्वतःपुरती घरी बिअर करायला केंद्रीय पातळीवर करमाफी मिळाली. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे. "विकत नाही, घरापुरतीच करतोय" ही सबब चालत नाही. परवाना घेऊन करणाऱ्यांचं वेगळं. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि गेटवे ब्रूइंग कंपनीने तर आपली ब्रूअरी आमच्या डोंबिवलीतच उभारली. तेव्हा या लेखातली बिअर दादाच्या गॅरेजमध्येच राहील. आपण फक्त त्याची शीट घेऊ, आणि शेवटी ती डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात इडलीच्या पिठावर वापरू.

बिअरवरून संशोधन शिकायचं यात नवीनही काही नाही. तुम्ही कोर्सवर्कमध्ये "स्टुडंट्स टी-टेस्ट" शिकता. त्यातला "स्टुडंट" म्हणजे विल्यम गॉसेट. तो डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत नोकरीला होता. हातात मोजकेच नमुने असताना सरासरीवर किती विश्वास ठेवायचा हा त्याचा रोजच्या कामातला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्याने १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने छापलं. आणि ज्या पीएचने मला अडचणीत आणलं तो मोजायची पट्टी सोरेनसेनने १९०९ मध्ये मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. तीही बिअरवाल्यांचीच.

शीटचे तीन भाग

दादाच्या शीटमध्ये प्रत्येक बॅचला तीन भाग असतात आणि प्रत्येकाला वेगळा रंग.

१. ठरवलेलं: बॅच सुरू करण्याआधी लिहायचं. एकदा सुरुवात झाली की या भागाला कुलूप.

२. वाचलेलं: उपकरणावर जसं दिसलं तसं, तारीख आणि वेळेसह. इथे एकही सूत्र नाही.

३. काढलेलं: इथे फक्त सूत्रं. हाताने एकही आकडा टाइप करायचा नाही.

एवढंच. आता हे चालतं कसं ते एका बॅचवर बघू.

बिअर करताना माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवून घेतात. मग ते गोड पाणी हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं. साखर किती उतरली हे हायड्रोमीटरने मोजतात. डेअरीत दुधासाठी लॅक्टोमीटर असतो ना, त्याचाच भाऊ. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो, साखर असली की वर जातो. १.०४७ आलं तर त्याला ४७ पॉइंट म्हणायचं.

ठरवलेलं असं होतं: माल्ट ४.५ किलो, शेवटी २० लिटर. दादाने आपल्या माल्टसाठी किलोमागे जास्तीत जास्त ३०० पॉइंट धरले होते, म्हणजे एका किलोतली सगळी साखर एका लिटरमध्ये उतरली तर ३००. ४.५ गुणिले ३०० म्हणजे १३५०. घरच्या भांड्यांत सगळी साखर कधीच उतरत नाही, म्हणून एफिशियन्सी ७० टक्के धरली. राहिले ९४५. भागिले २० लिटर, म्हणजे साधारण ४७. यीस्टने यातली ७५ टक्के संपवली तर शेवटी १२ उरतील, म्हणजे १.०१२. अल्कोहोलचं ढोबळ सूत्र असं: सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनातला फरक गुणिले १३१.२५. इथे ०.०३५ गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ४.६ टक्के.

प्रत्यक्षात वाचलेलं: हायड्रोमीटर १.०३८, द्रावाचं तापमान २८ अंश सेल्सिअस, भांड्यात २१ लिटर.

इथेच माझी चूक करायची संधी येते. त्याचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला आहे. गरम द्राव पातळ असतो, त्यामुळे २८ अंशांना वाचन सुमारे २ पॉइंट कमी दिसतं. खरा आकडा १.०४०. मी असते तर सरळ १.०४० टाइप करून मोकळी झाले असते. दादाच्या शीटमध्ये मात्र १.०३८ आणि २८ हे दोन्ही "वाचलेलं" मध्ये राहतात आणि १.०४० हे "काढलेलं" मध्ये सूत्राने येतं. उद्या कळलं की थर्मामीटरच दोन अंश चुकीचा होता, तर एक खाना बदलला की पुढचं सगळं आपोआप दुरुस्त होतं.

७ पॉइंट गेले कुठे?

ठरवले होते ४७, आले ४०. नुसती डायरी ठेवणारा माणूस म्हणेल, "या वेळी माल्ट खराब होता," आणि पुढच्या वेळी दुकान बदलेल. शीट काय म्हणते बघा.

पाणी एक लिटर जास्त राहिलं. एफिशियन्सी ठरल्याप्रमाणे ७० टक्केच असती, तरी ९४५ भागिले २१ म्हणजे ४५ आले असते. म्हणजे २ पॉइंट जास्तीच्या पाण्यामुळे गेले. उरलेले ५ साखर कमी उतरल्यामुळे. ४० गुणिले २१ म्हणजे ८४०, भागिले १३५०, खरी एफिशियन्सी ६२ टक्के.

आता एका तक्रारीचे दोन वेगळे प्रश्न झाले. उकळताना पाणी कमी का आटलं? आणि साखर कमी का उतरली, दळण जाड होतं की भिजवण्याचं तापमान चुकलं? दादाने पुढच्या बॅचला फक्त दळण बदललं, बाकी सगळं तसंच ठेवलं. दोन्ही एकदम बदललं असतं तर कशाने काय झालं हे कधीच कळलं नसतं.

"ठरवलेलं" ला कुलूप का, तेही इथेच कळतं. ४० आल्यावर मागे जाऊन "मी ६२ टक्केच धरले होते" असं लिहायचा मोह होतो. शीट सुंदर दिसते, अंदाज आणि निकाल जुळतात आणि शिकण्यासारखं जे काही होतं ते पुसलं जातं. सिनॉप्सिसमधलं गृहीतक निकाल पाहून बदलणं म्हणजे हेच. ते कुणी पकडेल की नाही हा पुढचा प्रश्न. पहिलं नुकसान तुमचंच होतं.

नोंद ठेवायचं आणखी एक कारण आहे, आणि ते थेट हातापायाशी संबंधित. यीस्टचं काम संपलं असं बुडबुडे थांबले म्हणून धरायचं नसतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचनं सारखी आली तरच संपलं. साखर शिल्लक असताना बाटल्या भरल्या तर आत गॅस साठतो आणि काच फुटते. दादाच्या या बॅचमध्ये १.०१० हे वाचन तीन दिवसांच्या अंतराने दोनदा आलं, मगच त्याने बाटल्या भरल्या. अल्कोहोल निघालं ०.०३० गुणिले १३१.२५, सुमारे ३.९ टक्के. ठरवलेलं ४.६ बाजूच्या खान्यात अजून तसंच आहे.

आता डोंबिवलीचं स्वयंपाकघर

हे सगळं मी इडलीच्या पिठावर करून पाहिलं. तुम्हीही करा. परवाना लागत नाही, आणि बिघडलं तर आंबट डोसे होतात.

सरळ उभ्या भिंतीची काचेची बरणी घ्या आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवा. पीठ निम्म्यापेक्षा वर भरू नका, नाहीतर सकाळी ओटा पुसत बसावं लागेल. मग शीट अशी:

ठरवलेलं: तांदूळ आणि उडदाचं प्रमाण, भिजवण्याचे तास, पाणी, आणि तुमचा अंदाज: पीठ दुप्पट व्हायला किती तास लागतील?

वाचलेलं: वेळ, स्वयंपाकघराचं तापमान, पिठाची उंची सेंटिमीटरमध्ये. शेजारी शेऱ्याचा एक मोकळा कॉलम: "लाइट गेली होती", "आईने चमचा घालून ढवळलं".

काढलेलं: उंची किती पट झाली, अंदाजापेक्षा किती तास पुढे-मागे.

माझी सुरुवातीची उंची ६ सेंटिमीटर होती. डिसेंबरच्या रात्री अंदाज १० तासांचा, पण १० तासांनी पीठ ९ वरच. मे महिन्यात तोच अंदाज धरला, तर सहाव्या तासालाच १२ च्या पुढे. मी १० तास डोक्यात धरले तेव्हा तापमानाचा विचारच केला नव्हता. अंदाज लिहिलेला नसता तर हे मला कळलं नसतं. "हिवाळ्यात पीठ उशिरा येतं" एवढं तर आजीलाही ठाऊक आहे. किती उशिरा, हे सांगायला शीट लागते.

चार सवयी

पहिली: वाचन चुकलं तर खाना रिकामा ठेवा. सकाळची फास्ट लोकल पकडायच्या घाईत माझी सहाची वाचनं कित्येकदा राहिली. तिथे शून्य टाकलं तर सरासरी बिघडते आणि "असंच असणार" म्हणून आकडा टाकला तर तो बनाव होतो. रिकामा खाना आणि शेऱ्यात कारण, बस.

दुसरी: १३१.२५ सारखा ठरावीक आकडा सूत्रांत जागोजागी लिहू नका. एका खान्यात ठेवा, शेजारी तो काय आहे आणि कुठून घेतला ते लिहा, आणि सूत्रांत त्या खान्याचा पत्ता द्या.

तिसरी: उपकरणाची तपासणी हेसुद्धा वाचनच आहे. आज बफरमध्ये मीटरने काय दाखवलं, त्याला स्वतःचा कॉलम हवा. माझ्याकडे तेवढा एक कॉलम असता तर ते ७ दिवस वाचले असते.

चौथी: एक्सेल तुमच्या मागे काय करतंय यावर नजर ठेवा. मार्च-१ आणि सेप्ट-१ अशी नावं असलेल्या जनुकांना एक्सेल तारखा समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली! म्हणून कॉलमचा प्रकार आधी ठरवा आणि मूळ फाइलची एक प्रत अशी ठेवा की तिला कुणी हात लावणार नाही, तुम्हीसुद्धा.

ते ७ दिवस मी पुन्हा मोजले. मीटर बदलला नाही, ०.१ जास्त दाखवायची त्याची खोड तशीच आहे, पण आता ती तिच्या कॉलममध्ये आहे. पुढच्या भेटीत मॅडमनी पुन्हा एका खान्यावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारला. या वेळी मी शेजारचा रंग दाखवला.

तर आज रात्री पीठ भिजवलेलं असेल तर बरणी काढा. दळून झाल्यावर, झाकण लावायच्या आधी अंदाज लिहा. आणि सकाळी काय दिसलं ते मला जरूर कळवा, अंदाज चुकला असेल तर आधी कळवा.