एकच पान, अनेक पत्ते

वेबवरचा एखादा मजकूर मुलांना वाचायला द्यायचा असेल तर आपण काय करतो? त्याचा पत्ता फळ्यावर लिहितो किंवा मोबाइलवर पाठवतो. तो उघडला की सगळ्यांसमोर तेच पान येईल, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसे होतेही. पण कधी कधी दुवा उघडल्यावर नुसते मुखपृष्ठ येते आणि हवा तो धडा मुलांना शोधत बसावा लागतो. कधी ‘मागे’चा बाण दाबला, तर आधीचे पान येण्याऐवजी आपण त्या संकेतस्थळाच्या बाहेरच पडतो. असे का होत असेल? दोष इंटरनेटच्या वेगाचा नसतो. पत्ता आणि पडद्यावरचे दृश्य यांची जोडी कुठेतरी सुटलेली असते. ही जोडी कशी जमवतात ते पाहू.

प्रत्येक पानाला पत्ता

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा पत्ता हवा, म्हणजे कोणालाही त्याकडे बोट दाखवता येईल.

समजा, एका शाळेच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ आहे. ‘/पुस्तके’ या पत्त्यावर यादी आहे आणि ‘/पुस्तके/३७’ या पत्त्यावर सदतिसाव्या पुस्तकाची माहिती. यादीतल्या पुस्तकावर टिचकी मारली की ब्राउझर सर्व्हरकडे नवा पत्ता पाठवतो. सर्व्हर अख्खे नवे पान धाडतो. ब्राउझर जुने पान टाकून देतो, नवे मांडतो आणि जुन्याचा पत्ता आपल्या नोंदवहीत ठेवतो. ‘मागे’चा बाण हीच नोंदवही वाचतो.

यात पत्ता आणि पान यांची फारकत होऊच शकत नाही. पण खर्च आहे. वरची पट्टी, शाळेचे नाव, बाजूची यादी हे सगळे तेच असूनही दर वेळी नव्याने मांडले जाते. मधल्या चार ओळी बदलण्यासाठी सारे घर पाडून पुन्हा बांधायचे!

फिरता रंगमंच

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये एक सोय आली. पान न बदलता, पाठीमागून सर्व्हरकडून थोडीशी माहिती मागवता येऊ लागली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, तेव्हा या सोयीची ताकद सर्वांना दिसली. नकाशा बोटाने सरकवावा तसा सरकत होता, आणि पान एकदाही नव्याने येत नव्हते.

यातूनच एकपानी संकेतस्थळे रुळली. पान एकदाच येते, आणि त्यासोबत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्रामही येतो. पुढे जे बदलते ते या पानाच्या आत. फिरत्या रंगमंचासारखेच हे आहे. नाट्यगृह तेच, प्रेक्षक जागेवरच, फक्त समोरचा देखावा फिरून बदलतो. अशा एकेका देखाव्याला आपण ‘दृश्य’ म्हणू.

पण ब्राउझरला यातले काहीच कळत नाही. त्याच्या लेखी पान एकच, म्हणून पत्ताही एकच आणि नोंदवहीत नोंदही एकच. वाचक दहा दृश्ये पाहून गेला तरी ‘मागे’ दाबताच बाहेर. आणि दुवा पाठवला तर मुखपृष्ठाचाच जाणार. सुरुवातीचे कोडे सुटले ते इथे.

# ची युक्ती

यावर पहिला तोडगा # या चिन्हाचा निघाला. हे चिन्ह मुळात लांबलचक पानातल्या एखाद्या परिच्छेदावर थेट जाण्यासाठी होते. # नंतरचा भाग ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, सर्व्हरला कळवत नाही. म्हणून तो बदलला तरी पान नव्याने येत नाही, मात्र नोंदवहीत नोंद होते. मग ‘/#/पुस्तके/३७’ असा पत्ता करायचा, प्रोग्रामने # नंतरचे वाचायचे आणि ते दृश्य मांडायचे.

युक्ती चालली, पण तिची किंमत ट्विटरच्या उदाहरणात दिसते. २०१० च्या नव्या रचनेत ट्विटरने #! असलेले पत्ते वापरले. कोणी दुवा उघडला की सर्व्हरपर्यंत फक्त मुखपृष्ठाची मागणी पोचे. आधी प्रोग्राम उतरायचा, तो पत्ता वाचायचा, मग खरा मजकूर मागवायचा. वाचक तोवर थांबलेला. २०१२ मध्ये ट्विटरने हे पत्ते सोडून दिले. तरी जगभर पसरलेले जुने दुवे उरलेच. # नंतरचा भाग सर्व्हरला दिसतच नसल्याने तो त्यांना नवी वाट दाखवू शकत नाही. ते काम मुखपृष्ठावरच्या प्रोग्रामलाच करावे लागते. पत्ता एकदा लोकांच्या हाती गेला की तो परत घेता येत नाही, हा यातला धडा.

पुढे ब्राउझरांनी सरळ सोय दिली. पान न आणताच पत्ता बदलावा आणि नोंदवहीत नोंद करावी, असे प्रोग्राम ब्राउझरला सांगू शकतो. वाचकाने ‘मागे’ दाबले की ब्राउझर प्रोग्रामला तसे कळवतो. पत्ता पुन्हा ‘/पुस्तके/३७’ असा स्वच्छ झाला.

इथे एक खाच आहे. हा पत्ता नव्या खिडकीत उघडला तर तो थेट सर्व्हरकडे जातो. सर्व्हरकडे त्या नावाचे पान कुठे आहे? तो ‘४०४, सापडले नाही’ असे उत्तर देतो. म्हणून सर्व्हरला बजावावे लागते : चित्रे वगैरे खऱ्या फायली सोडून, असा कोणताही पत्ता आला तरी तेच एक पान दे. पुढचे प्रोग्राम पाहून घेईल.

मार्गांचे कोष्टक

प्रोग्रामच्या ज्या भागाकडे हे काम असते त्याला राउटर म्हणतात. त्याच्याजवळ शाळेच्या वेळापत्रकासारखे एक कोष्टक असते. डावीकडे मार्ग, उजवीकडे दृश्य :

/ — मुखपृष्ठ
/पुस्तके — यादी
/पुस्तके/नवीन — नव्या पुस्तकाची नोंद
/पुस्तके/:क्रमांक — एका पुस्तकाची माहिती
बाकी काहीही — ‘असे पान नाही’

‘:क्रमांक’ ही रिकामी जागा आहे. तिथे ३७ आले तर ३७ हा आकडा दृश्याकडे सोपवला जातो. हजार पुस्तकांना हजार ओळी लागत नाहीत. पुष्कळ राउटर कोष्टक वरून खाली वाचतात आणि जुळणाऱ्या पहिल्या ओळीशी थांबतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. तिसरी आणि चौथी ओळ उलट लावली तर काय होईल? ‘नवीन’ हाच पुस्तकाचा क्रमांक समजून राउटर ते पुस्तक शोधत बसेल. आणि शेवटची ओळ विसरली तर चुकीच्या पत्त्यावर आलेल्याला कोरा पडदा दिसेल.

दृश्ये एकात एक बसवतात. बाहेरची चौकट कायम, तिच्या आत यादी किंवा पुस्तक. फायली लावतानाही पुस्तकांचे सारे एका कप्प्यात आणि वाचकांचे सारे दुसऱ्या कप्प्यात ठेवले, तर महिन्यांनंतर दुरुस्ती करणाऱ्याला दहा ठिकाणी फिरावे लागत नाही.

पत्त्यात काय घालावे? कसोटी सोपी आहे : दुसऱ्याला दुवा पाठवला तर त्यालाही जे दिसायला हवे ते. पुस्तकाचा क्रमांक, यादीचे दुसरे पान, ‘फक्त विज्ञान’ अशी निवड हे सारे घालावे. अर्धवट लिहिलेला अर्ज किंवा पासवर्ड कधीच घालू नये. शोधाच्या चौकटीत दर अक्षराला नवी नोंदही करू नये. नाहीतर ‘गुरुत्वाकर्षण’ शोधणाऱ्याला मागे येण्यासाठी बाण कितीतरी वेळा दाबावा लागेल. अशा वेळी नवी नोंद न करता आधीचीच बदलतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा : दृश्याने आपली माहिती पत्त्यावरून मिळवावी, आधीच्या दृश्यावर विसंबू नये. यादीतून आलेल्याला पुस्तक दिसते आणि थेट आलेल्याला दिसत नाही, असे झाले तर समजावे की हा नियम मोडला आहे.

आणखी एक फसगत आहे. वाचकाने ३७ वर टिचकी मारली आणि लगेच ३८ वर. ३७ चे उत्तर उशिरा आले तर ते ३८ च्या पत्त्याखाली दिसू लागेल. म्हणून उत्तर मांडण्याआधी पत्ता अजून तोच आहे ना, हे पाहायचे.

न पाहणाऱ्या वाचकासाठी

दृष्टिहीन विद्यार्थी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. नवे पान आले की तो त्याचे शीर्षक बोलतो. एकपानी संकेतस्थळात पानच बदलत नाही, म्हणून तो गप्प राहतो. मुलीने दुवा दाबला, पण काही घडले की नाही हे तिला कळत नाही. यावर उपाय मोठा नाही. दृश्य बदलताना शीर्षकही बदलायचे आणि वाचनाचे स्थान नव्या मथळ्यावर न्यायचे. पण हे कोणीतरी आठवणीने करावे लागते.

वर्गात करून पाहा

हे समजायला संगणक लागत नाही. एका मुलाला ब्राउझर करा, एकीला सर्व्हर आणि एकाला राउटर. ब्राउझरजवळ पत्त्यांची नोंदवही आणि राउटरजवळ वरचे कोष्टक द्या. दृश्ये जाड कागदांवर काढा. बाकीच्यांनी चिठ्ठीवर पत्ते लिहून द्यावेत. मग तीन प्रयोग करा : ‘मागे’ जा, पान पुन्हा आणा, चिठ्ठी दुसऱ्या गटाला द्या. पुन्हा आणताना सर्व्हरला ‘तेच पान दे’ ही सूचना एकदा द्या आणि एकदा देऊ नका. कोष्टकातल्या ओळींची अदलाबदल करूनही पाहा. काय बिघडले आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.

याच तीन चाचण्या कोणत्याही खऱ्या संकेतस्थळाला लावता येतात. धड्याचा दुवा वर्गाला पाठवण्याआधी तो एकदा नव्या खिडकीत उघडून पाहावा. तिथे तोच धडा दिसला तर तो मुलांपर्यंतही पोचेल.