वर्षावनातील निवास आणि पायवाटा : लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव

पर्वतीय वर्षावनात पर्यटकांना प्रवेश देणे आणि त्याच वनाचे रक्षण करणे ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी भासतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या दक्षिण सीमेवरील लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानात त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दीर्घकाळ होत आला आहे. १९१५ मध्ये घोषित झालेले हे उद्यान १९९४ मध्ये जागतिक वारसा क्षेत्रात समाविष्ट झाले.

उद्यानाचे पुरस्कर्ते रोमिओ लेही व आर्थर ग्रूम यांनी १९३३ मध्ये बिना बुरा या पर्यटक निवासाची स्थापना केली. त्यासाठी उद्यानालगतची खाजगी जमीन निवडण्यात आली. मुक्काम वनाबाहेर आणि वनात केवळ पायवाटा, अशी ही रचना होय. व्यवसायाने अभियंता असलेल्या लेहींनी पायवाटांसाठी सौम्य चढाचा आग्रह धरला. तीव्र उतारावर पावसाचे पाणी वेगाने वाहते, माती धुपते आणि चिखल टाळण्यासाठी लोक कडेने चालू लागल्याने वाट रुंदावत जाते. सौम्य चढामुळे हे टळते.

तथापि या रचनेची मर्यादाही पुढे दिसून आली. वर्षावनाच्या कडेला निलगिरी वर्गातील ज्वलनशील वृक्षांचे वन असते. सप्टेंबर २०१९ च्या वणव्यात बिना बुरा येथील मुख्य इमारत व ऐतिहासिक लाकडी कुटिरे भस्मसात झाली. २०२० मध्ये निवास पुन्हा सुरू झाला.

सारांश, निवास वनाबाहेर ठेवल्याने वर्षावनावरील भार कमी होतो; परंतु निवासाची जागा ठरविताना वणव्याचा विचारही तितकाच अपरिहार्य ठरतो.