घरचं लॅमिनेशन मशीन : कागद अडकू नये म्हणून, आणि अडकलाच तर

आज विषय छोटा आहे, पण त्याने आमची एकदा चांगलीच झोप उडवली होती, म्हणून तोच घेतला. घरी वापरायचं लॅमिनेशनचं मशीन.

आखाडा बाळापुरात शाळेचे प्रवेश सुरू झाले की कागदपत्रांची धावपळ सुरू होते. आधार, गुणपत्रक, जातीचा दाखला, सगळं कसं टिकवायचं हा प्रश्न. आम्हीही घरी एक छोटं मशीन आणलं. आधी आमचे कागद केले, मग गल्लीतले लोक यायला लागले. एक शेजारी आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला घेऊन आले. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला कागद. आम्ही तो पाऊचमध्ये घातला, मशीनमध्ये सोडला आणि तो अर्ध्यातच थांबला. घाबरून आम्ही ओढला. कोपरा आतच राहिला, आणि नेमकी प्रवेशाची तारीख त्या कोपऱ्यावर होती. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मशीन समजून घेऊ.

पाऊच म्हणजे दोन थरांचं प्लास्टिक. बाहेरचा थर पॉलिएस्टरचा, आतला थर ईव्हीए नावाच्या चिकट पदार्थाचा. आपण सोयीसाठी त्याला डिंक म्हणू. मशीनमध्ये दोन गरम रूळ असतात. साधारण शंभर ते दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास डिंक वितळतो आणि कागदाला धरतो. पॉलिएस्टर वितळायला अडीचशेच्या आसपास लागतात, म्हणून बाहेरचा थर तसाच राहतो. आता हे एक वाक्य ध्यानात ठेवा : डिंक रुळाला लागू द्यायचा नाही. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

पहिला नियम, पाऊचची बंद बाजू आधी आत घालायची. उघडी बाजू आधी गेली तर वरचं पान वरच्या रुळाला आणि खालचं खालच्या रुळाला चिकटतं, आणि पाऊच रुळाभोवती गुंडाळला जातो. निम्म्या तक्रारींचं मूळ आम्हाला इथंच दिसलं.

दुसरा, कागदाच्या चारही बाजूंना निदान तीन मिलिमीटर पाऊच मोकळा हवा, म्हणजे कडा नीट बंद होतात. पण लहानसं ओळखपत्र ए-फोरच्या मोठ्या पाऊचमध्ये एकटंच टाकू नका. रिकाम्या जागेत सुरकुत्या पडतात आणि पाऊच तिरका जातो. चार-सहा कार्डं असतील तर अंतर सोडून एका पाऊचमध्ये मांडा, आणि कापायचं ते मशीनमधून बाहेर आल्यावर, थंड झाल्यावर. आधी कापलेल्या कडेतून डिंक बाहेर येतो.

तिसरा, जाडी. दुकानात पाऊचवर 125 मायक्रॉन, 250 मायक्रॉन असे आकडे असतात. हा आकडा एका बाजूचा आहे की दोन्ही बाजू मिळून, ते विचारून घ्या. एका बाजूला 125 असेल तर दोन्ही मिळून 250 होतात. मशीनच्या मागच्या पट्टीवर किती जाडी चालते ते लिहिलेलं असतं. जाड पाऊचला उष्णता कमी पडली तर तो धुरकट निघतो. पातळ पाऊचला जास्त झाली तर तो लाटा येऊन रुळाला चिकटतो.

चौथा, घाई नको. मशीन तापायला तीन ते पाच मिनिटं लागतात, तयार झाल्याचा दिवा लागू द्या. पावसाळ्यात कागद ओलसर असतो. त्यातली वाफ आत अडकली की बुडबुडे येतात, म्हणून आधी कोरड्या जागी सुकवा. पाऊच सरळ सोडायचा, मग हात काढून घ्यायचा. ढकलायचं नाही, ओढायचंही नाही. मागच्या बाजूला पाऊच सरळ बाहेर येईल एवढी जागा ठेवा. भिंतीला लागून मशीन ठेवलं की पाऊच वाकून पुन्हा रुळाकडे फिरतो.

तरीही अडकला, तर? आमच्यासारखं ओढू नका.

आधी उलट फिरवायचं बटण शोधा. ते असेल तर दाबा, पाऊच आला तिकडून परत निघतो. बटण नसेल तर बाजूला एक छोटी कळ असते. ती दाबली की रुळांमधला दाब सुटतो. मग पाऊच दोन्ही हातांनी, सरळ रेषेत, हळूहळू बाहेर घ्या. दोन्ही नसेल, किंवा पाऊच रुळाभोवती गुंडाळलाच असेल, तर बटण बंद करा आणि प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, आत 230 व्होल्ट असतात. हात लावता येईल इतकं कोमट होऊ द्या. अगदी गार झालं की डिंक घट्ट धरतो. झाकण उघडायची वेळ आली तर माहीतगार माणसाकडूनच उघडून घ्या. पाऊचचं टोक सापडलं की रूळ हाताने फिरवत तो सोडवायचा. ब्लेड, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर रुळाला लावायचा नाही. रबरी रुळावर एक ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक कागदावर तीच रेघ उमटते.

आपल्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे मधेच लाईट जाणं. रूळ थांबतात, पण गरम असतात, आणि पाऊच तिथंच भाजत राहतो. अशा वेळी लगेच दाब सोडायची कळ दाबा आणि पाऊच बाहेर घ्या. लाईट यायची वाट बघू नका. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मशीनवरचे वॅट आणि इन्व्हर्टरची ताकद आधी जुळवून बघा.

रुळावर डिंक राहिला असेल तर कोरा जाड कागद गरम मशीनमधून चार-पाच वेळा सोडा. डिंक कागदाला लागून येतो. काम झालं की थंड मोड असेल तर त्यावर काही मिनिटं रूळ फिरू द्या, मग बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : काय लॅमिनेट करायचं नाही.

एटीएमची पावती, तिकीट असे उष्णतेवर छापलेले कागद आत जाताच काळे होतात. रेशनकार्डावर नोंदी करायच्या असतात, ते मोकळंच ठेवा. आणि जुने मूळ कागद तर कधीच नाही. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचे पुरावे मोलाचे ठरतात. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कुणाच्या पेटीत उर्दू कागद असतात, कुणाच्या मोडीतले. असा कागद एकदा डिंकात गेला की परत निघत नाही. कागदाची पोत, शाईची ओल, शिक्क्याचा उठाव, काहीच तपासता येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडलेलं नाही. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी 1930 च्या दशकात जुनी कागदपत्रं सेल्युलोज अॅसिटेटमध्ये लॅमिनेट करायची पद्धत आणली आणि अनेक अभिलेखागारांनी ती स्वीकारली. पुढे कळलं की ते प्लास्टिक स्वतःच खराब होतं आणि सोबत कागदही न्यायला लागतं. मग त्याच कागदांना सोडवायचं काम निघालं.

मग करायचं काय? मूळ कागद स्कॅन करा, रंगीत प्रत काढा आणि त्या प्रतीचं लॅमिनेशन करा. मूळ कागद डिंक नसलेल्या साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये, घडी न घालता, ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवा.

आमच्या शेजाऱ्यांचं सांगायचं राहिलं. शाळेच्या जुन्या रजिस्टरात नोंद होती, म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीने प्रवेश निर्गम उतारा मिळाला आणि काम झालं. आम्ही त्यांच्यासोबत तीन चकरा मारल्या, तेवढं तरी करणं भाग होतं. पण रजिस्टरच वाळवीने खाल्लं असतं तर? तो विचार अजून मनातून जात नाही. म्हणून आता कुणी जुना कागद घेऊन आलं की आम्ही मशीन चालू करायच्या आधी एकच विचारतो : हा मूळ आहे की झेरॉक्स? मूळ असेल तर चहा देतो आणि झेरॉक्स काढायला पाठवतो.