पोट भरलेली कोंबडी सुखी असते का?

दाणापाणी, लस आणि डोक्यावर छप्पर मिळाले की कोंबडीचे 'सकारात्मक कल्याण' (जगताना आनंददायी अनुभव मिळणे) साधले, असा समज सर्रास आढळतो. या गोष्टी हव्यातच. पण त्या त्रास टाळतात, इतकेच. ब्रिटनमधील पशुकल्याणाविषयीच्या ब्रँबेल समितीच्या १९६५ च्या अहवालातून पुढे आलेली 'पाच स्वातंत्र्ये'ही मुख्यतः भूक, वेदना, भीती यांपासून सुटकेबद्दल बोलतात. सकारात्मक कल्याणाचा प्रश्न वेगळा आहे: कोंबडीला आवडीचे काही करायला मिळते का?

लेकराला ताप नाही, डबाही संपला. तेवढ्यावरून त्याचा दिवस मजेत गेला असे आई मानत नाही.

कोंबडीची आवड ओळखता येते. ती माती उकरते, धूळस्नान (धुळीत लोळून पिसे साफ करणे) करते, रात्री उंच दांडीवर बसते, अंडे घालायला आडोसा शोधते. तारेच्या पिंजऱ्यात यातले जवळपास काहीच जमत नाही. भारताच्या विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या याच राहणीची दखल घेतली. युरोपात २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'लिफ्ट' प्रकल्पात अनेक देशांच्या संशोधकांनी सकारात्मक कल्याणाची संकल्पना नेमकी करण्याचे काम हाती घेतले. खरी कसोटी मात्र हे सुख मोजायचे कसे, ही आहे.

मोकळी फिरणारी कोंबडी सुखीच असते, असा उलटा गैरसमजही आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळसारख्या गावात उकिरड्यावर चरणारी गावरान कोंबडी आपोआप सुखी ठरत नाही. तिला उकरायला भरपूर मिळते खरे, पण राणीखेत (जीवघेणा विषाणूजन्य रोग) आणि मुंगूस टपलेले असतात. तिला आधी लस आणि रात्री बंद होणारे खुराडे हवे. शेडमधलीला बसायला दांडी आणि उकरायला कोरडा भुसा.