पत्रास कारण की, घरात काही नाही

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि पुढच्या आठवडाभरात व्हाइट हाउसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास पत्रं येऊन पडली. आधीचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या काळात सामान्य लोकांचं टपाल पाहायला एक माणूस पुरायचा. आता खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर यांनी त्या ऑगस्टमध्ये एका स्त्रियांच्या मासिकातून वाचकांना 'मला लिहा' असं आवाहन केलं, आणि वर्षभरात त्यांच्या एकटीच्या नावानं तीन लाख पत्रं आली. तिकिटाचे तीन सेंट जमवून, पेन्सिलीनं, वहीच्या फाडलेल्या कागदांवर लिहिलेली ही पत्रं. इतिहासकार रॉबर्ट मॅकएल्व्हेन यांनी १९८३मध्ये त्यांतली निवडक पत्रं पुस्तकरूपानं छापली. पुढे २००२मध्ये रॉबर्ट कोहेन यांनी मुलांनी एलिनॉरना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध केली. १९३०च्या दशकातल्या महामंदीच्या इतिहासात शेअरबाजार आणि बुडालेल्या बँका पुष्कळ असतात. मला त्या दशकाचा सर्वांत खरा दस्तऐवज ही पत्रंच वाटतात, कारण मदत मागताना माणसाच्या जिवाचं काय होतं ते त्यांत दिसतं.

रूझवेल्ट येण्याआधीची तीन-साडेतीन वर्षं लोकांनी मागायचं तरी कुणाकडे? गरिबांकडे पाहणं हे गावाचं, चर्चचं आणि धर्मादाय संस्थांचं काम, अशी जुनी रीत होती आणि हूवर यांचा तिच्यावर मनापासून विश्वास होता. फिलाडेल्फियात होरेशिओ गेट्स लॉइड या बँकरच्या समितीनं ही रीत निभावायचा प्रामाणिक प्रयत्न केला. आधी वर्गण्या, मग महापालिकेचा पैसा, मग राज्याचा. जून १९३२मध्ये सगळं संपलं, समितीनं काम थांबवलं आणि हजारो कुटुंबांचा आधार तुटला. त्याच उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धात लढलेले हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून होते. कायद्यानं त्यांना १९४५मध्ये मिळायचा बोनस त्यांना आत्ता हवा होता, भूक आत्ता लागली होती म्हणून. २८ जुलैला पोलिसांच्या गोळ्यांनी दोघा सैनिकांचा जीव गेला, आणि मग जनरल मॅकआर्थर यांच्या फौजेनं अश्रुधूर सोडून तळ उठवला, झोपड्या पेटल्या. पुढच्या वर्षी असेच सैनिक पुन्हा आले तेव्हा त्यांच्या तळावर एलिनॉर रूझवेल्ट एकट्या, चिखल तुडवत गेल्या. बोनस तेव्हाही मिळाला नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा फरक, आणि पत्रांचा पूर त्यानंतर ओसरला नाही तो का, हेही त्यातून कळतं.

या पत्रांत फुकट मागणारे फार थोडे. उसनं द्या, नाहीतर काम द्या, असंच बहुतेकांचं म्हणणं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका गर्भार बाईचं जानेवारी १९३५चं पत्र मी अनेकदा वाचलं आहे. बाळंतपण जवळ आलेलं, इस्पितळाला पैसे नाहीत, कपडे नाहीत. तिनं बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी केली आणि तारण म्हणून लग्नाआधी नवऱ्यानं दिलेली आणि आईची अशा आपल्या दोन अंगठ्या देऊ केल्या. पैसे फेडेपर्यंत तुमच्याकडे ठेवा, पण धर्मादाय नको. सात वर्षांच्या मुलीला शाळेत न पाठवता धाकट्या भावंडांकडे पाहायला घरी ठेवायचं, असंही तिनं ठरवलं होतं. मुलांच्या पत्रांतही हाच सूर आहे: जुने कपडे, बूट, शाळेत जाता येईल इतपत काहीतरी. बहुतेकांना एलिनॉर यांच्या सचिव मॅल्विना थॉम्प्सन यांच्याकडून सौम्य शब्दांतला नकार गेला. मागण्या इतक्या होत्या की दुसरं काही शक्यच नव्हतं, हे खरं. तरी तो नकार उघडून वाचणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराचा विचार मनातून जात नाही.

अंगठ्यांवरून आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच मंदीत इथे कापसाचे आणि धान्याचे भाव कोसळले. शेतसारा आणि सावकाराचं व्याज मात्र रोख भरावं लागत होतं. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटननं सुवर्णमान सोडलं, सोन्याचा भाव चढला, आणि शेतकऱ्यांच्या घरचं सोनं मोडलं जाऊन मुंबई बंदरातून लंडनकडे जाऊ लागलं. सरकारला तो ओघ सोयीचाच होता. पाटल्या-बांगड्या मोडणाऱ्या त्या बायकांनी कुणा साहेबाला पत्र लिहावं, असं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

अमेरिकेत मे १९३३मध्ये केंद्रीय मदतखातं उभं राहिलं. ५० कोटी डॉलरचा निधी आणि प्रमुख हॅरी हॉपकिन्स. खुर्चीत बसल्यावर दोन तासांत त्यांनी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम राज्यांना वाटली. पण लोकांच्या हातात मदत पडायची ती स्थानिक कचेरीतून. तिथली बाई घरी यायची, डबे उघडून पाहायची, नातेवाइकांची मिळकत विचारायची. पुष्कळ ठिकाणी रोख रकमेऐवजी किराण्याची चिठ्ठी मिळायची, म्हणजे दुकानात रांगेतल्या सगळ्यांना कळायचं. काही राज्यांच्या घटनेत तर सरकारी अन्नावर जगणाऱ्याचा मताधिकार काढून घेण्याची तरतूद होती. हॉपकिन्स यांनी पत्रकार लॉरेना हिकॉक यांना देशभर हिंडायला पाठवलं, ते आकडे गोळा करायला नव्हे, लोकांशी बोलायला. १९३४च्या वसंतात दक्षिणेतून त्यांनी कळवलं की शिकलेले, हुद्द्यावर राहिलेले पुरुष या कचेरीसमोरून कित्येक दिवस नुसते येरझारा घालतात आणि आत शिरत नाहीत. एका विमावाल्याचं कुटुंब मदत मागायला जाण्याआधी तीन आठवडे पाव-पाण्यावर राहिलं होतं.

माझ्या मते त्या दशकातला सर्वांत शहाणपणाचा सरकारी निर्णय नोव्हेंबर १९३३चा. हिवाळ्यापुरती सरळ रोजगार देणारी योजना निघाली, तिच्यात निम्मे लोक मदतयादीच्या बाहेरून, घराची झडती न घेता भरले, आणि जानेवारीपर्यंत ४० लाखांवर माणसं पगारावर कामाला लागली. रस्ते, शाळा, गटारं. खर्चाच्या धास्तीनं मार्चअखेर ती गुंडाळली.

मागण्याची किंमत सगळ्यांना सारखी नव्हती. जॉर्जियातल्या रीड्सव्हिलहून ऑक्टोबर १९३५मध्ये एका कृष्णवर्णीयानं अध्यक्षांना लिहिलं की इथले मदत अधिकारी गोऱ्यांना घोंगड्या आणि कापडाचे तागे देतात, आम्हाला खारवलेल्या मांसाचे थोडे डबे. खाली सही नाही. सही केली तर मारतील आणि गावातून हाकलतील, आणि माझं घर इथेच आहे, असा खुलासा तेवढा आहे. अशी अनेक गाऱ्हाणी वॉशिंग्टनहून चौकशीसाठी त्याच राज्यात परत धाडली जात. त्या निनावी माणसानं हे ओळखलं होतं असंच म्हणायला हवं. लॉस एंजेलिसमध्ये तर १९३१पासून मदतीचा खर्च वाचवायला मेक्सिकन कुटुंबांना स्थानिक प्रशासनाच्याच खर्चानं आगगाडीत बसवून सीमेपार पाठवलं जात होतं. त्यांतली पुष्कळ मुलं अमेरिकेतच जन्मलेली, कायद्यानं अमेरिकन नागरिक.

व्हाइट हाउसला संतापाचीही पत्रं येत. आम्ही राबतो आणि हे आळशी बसून खातात, असं लिहिणारे बहुधा स्वतःच कसेबसे तगलेले असत. रूझवेल्टही याच मताकडे झुकले. जानेवारी १९३५च्या भाषणात त्यांनी आयत्या मदतीची तुलना अमली पदार्थाशी केली आणि केंद्रानं या कामातून बाहेर पडावं असं सांगितलं. त्यानंतर आलेल्या डब्ल्यूपीए या रोजगार योजनेनं १९४३पर्यंत ८५ लाख लोकांना काम दिलं, हे मोठंच. पण नियम एका घरात एकालाच काम देण्याचा, आणि बेकारांतल्या मोठ्या हिश्शाला तेही नाही. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या विधवा यांना पुन्हा राज्यांच्या दारी धाडलं गेलं. मला हा त्या सरकारचा सर्वांत निष्ठुर निर्णय वाटतो, आणि तो घेणारे लोक दयाळू होते म्हणून तो अधिकच लागतो.

१४ ऑगस्ट १९३५ला सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यामागे म्हाताऱ्यांची पत्रं होती आणि कॅलिफोर्नियातल्या डॉ. फ्रान्सिस टाउनसेंड यांची, साठीनंतर दरमहा २०० डॉलर द्या म्हणणारी प्रचंड चळवळही होती. नोकरीत असताना पगारातून कापायचं आणि म्हातारपणी परत द्यायचं, अशी या कायद्यातली पेन्शन. व्हरमाँट राज्यातल्या लडलोच्या आयडा मे फुलर या निवृत्त सेक्रेटरी. नोव्हेंबर १९३९मध्ये दुसऱ्या कामासाठी रटलंडला गेल्या असताना, आपल्या पगारातून काहीतरी कापलं जात होतं एवढं आठवून त्या कचेरीत सहज चौकशी करून आल्या. ३१ जानेवारी १९४० रोजी दरमहा पेन्शनचा देशातला पहिला चेक त्यांच्या नावानं निघाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांचे डबे कुणी उघडून पाहिले नाहीत. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया मात्र त्या कायद्यातून मुळातच वगळलेल्या होत्या, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय हीच कामं करत. त्यांच्यातल्या कायम कामावर असणाऱ्यांना १९५०मध्ये आत घेतलं गेलं, उरलेल्यांतले बरेचसे १९५४मध्ये.