पार्टीला शेकडो, दफनविधीला मोजके: ‘द ग्रेट गॅट्सबी’ नेमकं काय सांगते?

ग्लास उंचावून गालात हसणारा लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि मागे फुटणारे फटाके. वाढदिवस असो, प्रमोशन असो की ३१ डिसेंबर, हे जीआयएफ तुम्हाला कुणीतरी पाठवलेलं असणारच. ते आहे २०१३ च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या सिनेमातलं. आपल्याकडे हा सिनेमा अमिताभ बच्चन यांच्या छोट्या भूमिकेमुळेही गाजला होता.

पण ज्या कादंबरीवर तो बेतलाय, ती श्रीमंतीचं सेलिब्रेशन करत नाही. पैसा आला तरी काही दारं बंदच राहतात आणि बड्यांच्या चुकांचं बिल भलतेच लोक भरतात, हे ती सांगते. कसं ते पाहू. (शेवट आधीच कळायला नको असेल, तर इथेच थांबा.)

गोष्ट काय आहे?

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ही कादंबरी १० एप्रिल १९२५ ला प्रकाशित झाली. काळ १९२२ चा उन्हाळा, ठिकाण न्यू यॉर्कजवळचं लाँग आयलंड. पहिलं महायुद्ध संपलंय आणि देशात दारूबंदी आहे. तरीही श्रीमंतांच्या घरी दारू वाहतेय.

निक कॅरावे हा तरुण बाँडचा धंदा शिकायला येतो आणि महिना ८० डॉलर भाड्याने छोटं घर घेतो. शेजारच्या महालात राहतो जे गॅट्सबी. त्याच्याकडे जंगी पार्ट्या चालतात. लोक आमंत्रण नसताना येतात आणि यजमान कोण हेही अनेकांना माहीत नसतं. गॅट्सबी स्वतः फारसा पीतही नाही. हा सगळा थाट एकाच व्यक्तीसाठी आहे, पाच वर्षांपूर्वीची प्रेयसी डेझी. ती खाडीपलीकडे राहते आणि आता टॉम ब्युकॅननची बायको आहे.

गॅट्सबीचं खरं नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याच्या या मुलाने सतराव्या वर्षी नाव बदललं. पुढे बेकायदा दारूच्या धंद्यातून पैसा केला.

पैसा दोघांकडे, मग फरक कुठे?

फरक पत्त्यात आहे. ईस्ट एगला राहतात टॉमसारखे गर्भश्रीमंत. समोर वेस्ट एगला गॅट्सबीसारखे नवश्रीमंत. टॉमने स्वतः काही कमावलेलं नाही, सगळं वारशाने आलंय. पण गॅट्सबीच्या गुलाबी सुटावरून आणि ऑक्सफर्डमधल्या शिक्षणावरून टोमणे मारायचा हक्क त्यालाच वाटतो.

या फरकाची एक छोटी खूण गॅट्सबीच्या लायब्ररीत सापडते. जाड चष्मा घातलेला एक पाहुणा तिथली पुस्तकं तपासतो. ती नुसते पुठ्ठे नसून खरी आहेत, याचंच त्याला आश्चर्य वाटतं. पण त्यांची पानं अजून कापलेली नाहीत. तेव्हा बऱ्याच पुस्तकांची पानं जोडलेली यायची आणि वाचायच्या आधी ती कापावी लागत. म्हणजे पुस्तकं अस्सल, पण वाचलेली नाहीत. गॅट्सबीला ती फक्त दिसायला हवी होती.

प्रतीकं कोणती?

हिरवा दिवा: डेझीच्या घराजवळच्या धक्क्यावर हा दिवा लागतो. गॅट्सबी रात्री त्याच्याकडे बघत उभा राहतो. त्याच्यासाठी ते भविष्य आहे, पण त्याला हवा असतो भूतकाळ. डेझी प्रत्यक्ष शेजारी येऊन उभी राहते, तेव्हा तो फक्त एक साधा दिवा उरतो.

राखेचं खोरं: महाल आणि शहर यांच्या मधोमध हा राखेचा उजाड पट्टा आहे. क्वीन्समधल्या कोरोना इथे राखेचे असे ढिगारे खरोखर होते. आज तिथे फ्लशिंग मेडोज पार्क आहे. कादंबरीत इथे जॉर्ज विल्सनचं गॅरेज आहे. त्याची बायको मर्टल हिचे टॉमशी संबंध आहेत.

होर्डिंगवरचे डोळे: या राखेवर डॉ. एकलबर्ग नावाच्या चष्म्याच्या डॉक्टरची जुनी जाहिरात आहे. दुःखाने खचलेल्या विल्सनला ते देवाचे डोळे वाटतात. पण ती जाहिरातच आहे. तिथे न्याय करायला कुणीही बसलेलं नाही.

बिल कोण भरतं?

डेझी गॅट्सबीची पिवळी गाडी चालवत असताना मर्टल तिच्याखाली येते. डेझी थांबत नाही. गॅट्सबी दोष स्वतःवर घ्यायला तयार होतो. टॉम विल्सनला गाडी कुणाची ते सांगतो. विल्सन गॅट्सबीला त्याच्याच स्विमिंग पूलमध्ये गोळी घालतो आणि मग स्वतःला संपवतो.

मेलेल्या तिघांत एकही गर्भश्रीमंत नाही. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात. ना चौकशी, ना शिक्षा.

शंभर वर्षांनंतरही का वाचतात?

सुरुवातीला ही कादंबरी फारशी खपली नाही. १९४० मध्ये ४४ व्या वर्षी फिट्झजेराल्ड गेले, तेव्हाही प्रती पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तिच्या सुमारे १,५५,००० प्रती वाटल्या गेल्या आणि तिचं नशीब पालटलं.

२०१२ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी ‘ग्रेट गॅट्सबी कर्व्ह’ चर्चेत आणला. ज्या देशात विषमता जास्त, तिथे मुलांची कमाई आईबापांच्या कमाईवर जास्त अवलंबून असते, असं हा आलेख दाखवतो. म्हणजे जेम्स गॅट्झचं वर चढणं तिथे आणखी अवघड.

आणि पार्टीतले ते शेकडो लोक? गॅट्सबीच्या घरात मुक्काम ठोकलेला एक पाहुणा त्याच्या मृत्यूनंतर फोन करतो, तो स्वतःचे विसरलेले टेनिसचे बूट मागायला. डेझीकडून साधं फूलही येत नाही. दफनाला असतात गॅट्सबीचे वडील, निक, काही नोकर, पोस्टमन आणि पार्टीच्या गर्दीतला फक्त एक जण. लायब्ररीतली पुस्तकं तपासणारा तो चष्मेवाला.