नाव बदलायला सांगण्याआधी

दुपारी 1

युरोपातली माणसं कामधंदा, कॉलेज उरकून खेळायला बसतात ती संध्याकाळी. त्यामुळे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आम्हा गेम मास्टरांची मोठी शिफ्ट दुपारी एकला सुरू होते आणि रात्री दहाला संपते. माझ्याकडे नावांच्या तक्रारी असतात. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात हजारो माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरतात. चेहरा दिसत नाही, गाव कळत नाही. पात्राच्या डोक्यावर तरंगणारं नाव तेवढं सगळ्यांना दिसतं. कित्येक जण वर्षानुवर्षं एकाच नावानं खेळतात, आणि खेळातले मित्र प्रत्यक्ष भेटले तरी त्याच नावानं हाक मारतात. असं नाव काढून घ्यायचं तर कारणही तितकंच सबळ हवं.

तक्रारीच्या तिकिटावर पात्राचं नाव, सर्व्हर, तक्रारदारानं निवडलेलं कारण आणि एकूण तक्रारी किती, एवढं असतं. शेवटचा रकाना मी लपवून ठेवते. दोन गिल्डांचं, म्हणजे खेळाडूंच्या संघांचं, भांडण झालं की एका बाजूचे सगळे मिळून दुसऱ्या बाजूच्या म्होरक्याच्या नावावर तक्रारी ठोकतात. तीस तक्रारी आल्या म्हणून नाव तीसपट वाईट होत नाही, पण आकडा डोळ्यांसमोर असला की मनावर दाब येतोच. तक्रार कुणी केली, हेही मी निर्णय होईपर्यंत बघत नाही.

दुपारी 1.30

वाचताक्षणी काढायची नावं आधी संपवते. शिव्या, वंशावरून हिणवणं, बलात्काराची थट्टा, एखाद्या हत्याकांडातल्या खुन्याचा उदोउदो. यात विचार करण्यासारखं काही नसतं. पाठोपाठ तोतये: कंपनीच्या माणसासारखं नाव घेऊन खेळाडूंकडून पासवर्ड काढणारे, किंवा दुसऱ्याच्या नावातला स्मॉल एल काढून तिथे कॅपिटल आय बसवणारे. पडद्यावर दोन्ही अक्षरं नुसत्या उभ्या रेघा दिसतात. म्हणून नाव वेगळ्या फाँटमध्ये चिकटवून बघते. तिथे रेघांचं बिंग फुटतं.

दुपारी 3

पात्र तयार होतानाच फिल्टर काही नावं अडवतं. ते अक्षरं वाचतं, माणूस वाचत नाही. 1996 साली अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरनं इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक शिवी सापडली. माणसांकडूनही हेच होतं. 2010 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फोर्ट गे गावच्या एका खेळाडूनं मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरच्या आपल्या माहितीत गावाचं नाव लिहिलं, तर त्याच्यावर बंदी आली. या नावाचं गाव खरंच आहे, हे त्यानं सांगूनही सुरुवातीला कुणी ऐकलं नाही. पुढे मायक्रोसॉफ्टला माफी मागावी लागली.

आज रांगेत एक अक्षिता आहे. अक्षिता, हर्षित, दीक्षित ही नावं रोमन लिपीत लिहा, तिन्हींच्या पोटात एकच इंग्रजी शिवी निघते. अपिलात मुलीनं एकच ओळ लिहिलीय: हे माझं खरं नाव आहे. खेळाचं दार उघडायच्या आधीच तिला सांगितलं गेलं की तुझं नाव म्हणजे घाण. तिचं नाव मोकळं करायला मिनिटभरही लागत नाही, पण तेवढ्यावर मी थांबत नाही. उद्या हर्षित येईल, त्यालाही हेच ऐकावं लागेल. फिल्टर सांभाळणाऱ्यांना भारतीय नावांची यादी धाडते. हा शब्द नावाच्या पोटात सापडला तर नाव अडवू नका, माणसाकडे पाठवा, अशी मागणी सोबत जोडते.

दुपारी 4.30

काही सर्व्हर मन लावून भूमिका वठवणाऱ्यांसाठी राखलेले असतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा युरोपातला अर्जेंट डॉन हा त्यातला एक. आमच्या खेळातही असा एक आहे. तिथे लोक पात्राच्या तोंडची भाषा सोडत नाहीत. अशा सर्व्हरवर कुणी लेगोलास नाव लावून फिरू लागला, तर टॉल्किनच्या कादंबरीतला हा एल्फ इथे कसा, म्हणून बाकीच्यांची तंद्री मोडते. नियमानं ते नाव चालत नाही. पण अशी नावं बदलायला सांगितली की ठरलेलं उत्तर येतं: माझ्यासारखे इथे ढिगानं आहेत, मलाच का?

प्रश्न रास्त आहे. ज्याची तक्रार झाली तेवढ्यालाच नियम लागू होत असेल, तर तो नियम खरं म्हणजे तक्रारदारांच्या हातात गेला. म्हणून एक लेगोलास आला की मी त्या सर्व्हरवरचे सगळे शोधते: अक्षरांवर टिंबं दिलेले, तिरकी रेघ ओढलेले, एक एल जास्त घातलेले. साध्या शोधात ते सापडत नाहीत, अक्षरं उलटसुलट करून बघावी लागतात. मग सगळ्यांना एकाच दिवशी एकच पत्र जातं. या नियमात कुणी दुखावलेलं नसतं, फक्त वातावरण राखायचं असतं. त्यामुळे खात्यावर ठपका नाही, नवं नाव फुकट, आणि निवडायला भरपूर मुदत. जुन्या खेळाडूंना मुदत आणखी जास्त मिळावी, असं मी टीम लीडपाशी धरून बसले होते. ते मान्य झालं.

संध्याकाळी 6

आता गर्दी वाढते. आमच्या मजल्यावर भाषांप्रमाणे टेबलं आहेत: जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, इटालियन. या वेळेला मी खुर्ची सोडून टेबलाटेबलानं फिरते.

पुला हे क्रोएशियातलं समुद्रकाठचं शहर आहे. रोमानियन माणसाच्या कानाला तोच शब्द अर्वाच्य लागतो. लुंड हे स्वीडनमधलं गाव, तिथलं विद्यापीठ 1666 सालचं, आणि ते तिकडचं सर्रास आढळणारं आडनावही आहे. आपल्या कानाला ते कसं लागतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दोन्ही नावांवर तक्रारी आल्यात. दोन्ही राहतील. गावाचं नाव लावणाऱ्याला जगातल्या प्रत्येक भाषेतल्या शिव्यांचा हिशेब द्यावा लागू नये. लुंडच्या तिकिटावर मात्र स्वतः सही न करता मी स्वीडिश येणाऱ्या सहकाऱ्याची घेते. ऐकताच चपापलेल्या माणसानं निकाल देऊ नये.

संध्याकाळी 7.15

आर्यन. कारण: नाझी.

महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही विचारा, वर्गात एखादा आर्यन असायचाच. रोमन लिपीत मात्र हे नाव म्हणजे नाझींनी ज्या शब्दावर आपला वंशवाद उभा केला तोच शब्द, अक्षर न् अक्षर. बर्लिनमधल्या खेळाडूला तो डोक्यावर तरंगताना दिसला तर त्याच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. इथे मला माझ्याच ओळखीची भीती वाटते. हे नाव मला घरचं वाटतं, म्हणून सोडून देणं हाही पक्षपातच.

अशा वेळी आम्ही ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारतो. पडद्यावर नावासोबत आणखी काय दिसतं? त्याच खात्यावरची बाकीची पात्रं कोणत्या नावांची आहेत? तक्रारीच्या आसपास चॅटमध्ये काय बोलणं झालं? आधी इशारा मिळाला आहे का? आणि शेवटी, ही भाषा किंवा हा इतिहास जवळून माहीत असलेला दुसरा माणूस काय म्हणतो? या आर्यनच्या खात्यावर रोहन आहे, आणि त्याच्या कुत्र्याचं असावं असं एक नाव. गिल्ड मासेमारीची. चॅटमध्ये तो कुणाला तरी विहिरीजवळचा दरवाजा कसा उघडायचा ते समजावतोय. जर्मन टेबलावरची सहकारी सगळं वाचते, दोनदा वाचते, आणि राहू दे म्हणते. निर्णय कारणासकट नोंदवहीत जातो, म्हणजे पुढच्या तक्रारीला या मुलाला पुन्हा उभं राहावं लागणार नाही.

रात्री 8.40

आणखी एक आर्यन, दुसऱ्या सर्व्हरवर. नाव तेच. प्रश्न तेच, क्रम तोच. याच्या गिल्डच्या नावात 88 आहे. इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर एच. दोन एच म्हणजे हिटलरला सलाम, ही निओ-नाझींची जुनी खूण. नुसतं 88 कुणाचं जन्मसालही असू शकतं, म्हणून पुढे बघते. खात्यावरच्या दुसऱ्या पात्राच्या नावात शुद्ध रक्ताची भाषा आहे. चॅटमध्ये एका तुर्की खेळाडूला उद्देशून जे लिहिलंय ते इथे देत नाही. दुसरं मत रशियन टेबलावरून घेते, कारण जर्मन सहकारी आधीच्या आर्यनवर बोललेली आहे. दोघांचं एकमत होतं. नाव बदलणार, आणि चॅटसाठी खातंही काही काळ बंद.

मग पत्र. युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस कायदा 17 फेब्रुवारी 2024 पासून सर्वांना लागू झाला. लोकांनी टाकलेला मजकूर काढला तर कारण स्पष्ट कळवा, असं तो सांगतो. कायदा नसता तरी मी ते लिहिलंच असतं. 'आपल्या नावामुळे नियमभंग झाला आहे' हे छापील वाक्य मी वापरत नाही. त्यातून माणसाला काहीच कळत नाही. मी लिहिते: पात्राचं नाव, गिल्डच्या नावातला आकडा, दुसऱ्या पात्राचं नाव आणि अमुक तारखेचा चॅट, हे चारही एकत्र वाचून हा निर्णय घेतला आहे. नुसतं पहिलं नाव असतं तर ते राहिलं असतं. हे वाक्य घालू नकोस, त्याला वाद घालायला जागा मिळेल, असं शेजारचा सहकारी म्हणतो. ती जागा त्याला मिळायलाच हवी, म्हणून मी ते ठेवते.

रात्री 9.30

अपील आलंच. दुसऱ्या सर्व्हरवर याच नावाचा खेळाडू बिनधास्त फिरतोय, मग मलाच का? दुपारच्या लेगोलासनं विचारलेला तोच प्रश्न.

ज्यानं निर्णय दिला त्यानं अपील ऐकायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्यामुळे हे तिकीट रात्रपाळीकडे जाणार. हँडओव्हरमध्ये मी माझी बाजू मांडत नाही. दोन्ही आर्यनच्या नोंदी, पाचही प्रश्नांची उत्तरं आणि चॅटचा मूळ उतारा जोडते. अपील करणाऱ्याच्या बाजूचं जे सापडलं तेही लिहिते: खात्यावर आधीचा एकही इशारा नाही, गिल्ड त्यानं स्वतः काढलेली नाही, आणि तो सामील झाला त्या आधीपासून तिच्या नावात तो आकडा होता. ही शेवटची बाब माझ्या निर्णयाला कमजोर करते, म्हणून सगळ्यात वर ठेवते. मग तिकिटावरून माझं नाव काढून रात्रपाळीच्या रांगेत टाकते.